ग्लुकोमीटर दर वेळी वेगळाच आकडा दाखवतो? मशीन बदलण्याआधी हे तपासा

एकाच बोटातून पाच मिनिटांच्या अंतराने दोनदा रक्त घेतलं. पहिल्यांदा १४२, दुसऱ्यांदा १६१. खात्री करायला तिसऱ्यांदा घेतलं तर १५०. आता यातलं खरं कोणतं? त्यातून त्याच आठवड्यात लॅबचा रिपोर्ट येतो, त्यात १२८. मग घरात ठरतं की मशीन बिघडलं. नवीन मशीन येतं, थोडे दिवस बरे जातात आणि पुन्हा तीच तक्रार सुरू.

मी इंदूरमध्ये एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते. रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर अशा भागांतून आपले मराठी काका-काकू सकाळी उपाशीपोटी येतात, आणि बाही वर करता करता पिशवीतून मशीन काढून माझ्यापुढे ठेवतात. "ताई, हे बघ ना जरा, हे खरं सांगतंय का?" बहुतेक वेळा मशीन ठीकच असतं. गडबड बोटात असते, स्ट्रिपमध्ये असते, वेळेत असते, नाहीतर तुलना करण्याच्या पद्धतीत असते. मशीनवर दोन हजार रुपये वाया गेले तर एक वेळ चालेल. पण चुकीच्या आकड्यावर विश्वास ठेवून कुणी इन्सुलिनचे दोन युनिट वाढवले, किंवा "आज तर ११० आहे" म्हणून गोळी सोडली, तर त्याची किंमत शरीर मोजतं. म्हणून एवढं सविस्तर लिहिते आहे. आकडे सगळे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमधले आहेत, आपल्याकडची मशीनं तसेच दाखवतात.

आधी हे ठरवा की फरक खरंच फरक आहे का

घरच्या ग्लुकोमीटरसाठी आयएसओ १५१९७ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याच्या २०१३ च्या आवृत्तीप्रमाणे शंभरातले किमान ९५ आकडे एका मर्यादेत बसले पाहिजेत: शुगर १०० च्या खाली असेल तर खऱ्या आकड्याच्या १५ अंक मागेपुढे, आणि १०० किंवा त्याहून जास्त असेल तर १५ टक्के मागेपुढे. म्हणजे खरी शुगर १५० असेल, तर चांगलं, न बिघडलेलं मशीन १२८ ते १७२ यांतला कुठलाही आकडा दाखवू शकतं. वर दिलेले १४२, १६१ आणि १५० तिन्ही एकाच खऱ्या शुगरचे असू शकतात.

त्यामुळे दहा-वीस अंकांसाठी लगेच दुसरं बोट टोचू नका. स्ट्रिप वाया जाते, बोट दुखतं आणि गोंधळ वाढतो. पुन्हा तपासायचं ते दोन प्रसंगी. आकडा तुमच्या नेहमीच्या आकड्यांपेक्षा फारच वेगळा आला तर, किंवा आकडा एक सांगतो आणि शरीर दुसरंच सांगतंय असं वाटलं तर. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. तीनदा तपासून त्यातला सगळ्यांत कमी आकडा वहीत लिहायची सवय मी फार पाहिली आहे. ती वही बघून डॉक्टर औषध ठरवतात. तिथे गोड आकडा लिहून कुणाचंच भलं होत नाही.

परदेशातून मुलांनी मशीन आणून दिलं असेल तर आधी एकक पाहा. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया इथली मशीनं मिलीमोलमध्ये आकडा दाखवतात. स्क्रीनवर ७.८ आलं म्हणजे घाबरायचं नाही, १८ ने गुणायचं, १४० होतात. पण त्या मशीनच्या स्ट्रिप्स इथे सहज मिळत नाहीत, म्हणून माझं मत असं की आजी-आजोबांसाठी इथलंच मशीन घ्यावं, ज्याच्या स्ट्रिप्स कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळतात.

हात

सगळ्यांत जास्त वेळा चूक सापडते ती इथे. स्ट्रिपला लागतं ते रक्त एक मायक्रोलिटर किंवा त्याहूनही कमी, म्हणजे मोहरीच्या दाण्याहून लहान थेंब. शुगर १०० असताना एक मायक्रोलिटर रक्तात ग्लुकोज असतं फक्त एक मायक्रोग्रॅम, मिलिग्रॅमचा हजारावा भाग. बोटाला तेवढंच ग्लुकोज आधीपासून चिकटलेलं असेल, तर आकडा सरळ दुप्पट होतो. डोळ्यांना काही दिसतही नाही.

जपानमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये हे तपासून दाखवलं. फळ सोलल्यावर हात न धुता बोटातून रक्त घेतलं तर निरोगी माणसाची शुगरही भलतीच जास्त आली. आणि महत्त्वाचं म्हणजे, नुसत्या स्पिरिटच्या बोळ्याने पुसून ती चूक गेली नाही, नळाच्या पाण्याने हात धुतल्यावर गेली. द्राक्षं, संत्रं, आंबा, मध, नातवाला करून दिलेलं ग्लुकोज पावडरचं पाणी, या सगळ्यांत ग्लुकोज असतं. आमरसाच्या दिवसांत आंबे पिळून झाल्यावर घाईघाईत तपासलेली शुगर मला कुणी दाखवली, की मी पहिला प्रश्न हाताचाच विचारते.

तर साबण आणि पाणी. मग हात कोरडे, अगदी कोरडे करायचे. ओल्या बोटावर रक्ताचा थेंब पसरतो आणि पातळ होतो, आकडा कमी येतो. सॅनिटायझर किंवा स्पिरिट लावलं असेल तर ते पूर्ण उडून जाईपर्यंत थांबा. प्रवासात पाणी नसेल तर पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसून टाका आणि दुसऱ्या थेंबावर तपासा. हात धुतलेले असतील तर पहिला थेंब चालतो.

थेंब नीट येत नाही

डिसेंबर-जानेवारीत ही तक्रार हमखास येते. इंदूरची थंडीतली सकाळ, पारा दहाच्या खाली, बोटं गार पडलेली. दोनदा टोचून रक्त येत नाही, मग माणूस बोट पिळायला लागतो. बोट जोरात पिळलं की रक्ताबरोबर पेशींच्या भोवतालचं पाणीही बाहेर येतं आणि नमुना पातळ होतो. त्यापेक्षा हात कोमट पाण्याने धुवा, कोरडे करा, हात खांद्याखाली लोंबता ठेवून मिनिटभर थांबा, आणि तळहाताकडून बोटाच्या टोकाकडे हलके हलके चोळत या. टोचायचं बोटाच्या टोकाच्या कडेला, मधोमध नाही. मधोमध नसांची टोकं जास्त असतात, तिथे दुखतं, आणि शिवण, लिखाण, कणीक मळणं या सगळ्यात तोच भाग वापरात असतो. रोज बोट बदला.

टोचणीच्या पेनवर खोली ठरवायचे आकडे असतात. कातडी जाड असेल तर एक आकडा वाढवा. आणि लॅन्सेट, म्हणजे ती बारीक सुई, पुन्हा पुन्हा वापरू नका. एकेका सुईवर महिना काढणारी माणसं मला माहीत आहेत. सुईचं टोक वापरून बोथट होतं, मग जास्त खोल टोचावं लागतं, जास्त दुखतं आणि हळूहळू तपासणीच टळायला लागते. घरात नवरा-बायको दोघांना मधुमेह असेल तर मशीन एक चालेल, पण सुई आणि टोचणीचं पेन वेगवेगळं हवंच. रक्तातून पसरणारी कावीळ अशीच घरात शिरते.

वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या बाटलीत टाका, भरली की झाकण चिकटवून बंद करा. आपल्या शहरात कचऱ्याच्या गाडीला ओला, सुका याशिवाय घातक कचऱ्याचा वेगळा कप्पा असतो. बाटली त्या कप्प्यात द्या आणि गाडीवरच्या भय्यांना सांगून द्या. सुट्या सुया ओल्या कचऱ्यात गेल्या तर त्या वेगळ्या करणाऱ्याच्या हातात शिरतात.

थेंब आला की स्ट्रिपच्या टोकाची कड त्याला नुसती टेकवायची. रक्त स्ट्रिप स्वतः आत ओढून घेते, छोटी खिडकी भरलेली दिसते. वरून थेंब सोडू नका, चोपडू नका. खिडकी अर्धीच भरली तर वरून आणखी रक्त लावण्यापेक्षा ती स्ट्रिप टाकून नवी घ्या, कारण बऱ्याच मशीनांना असं तुकड्यातुकड्यांनी दिलेलं रक्त चालत नाही.

स्ट्रिप ही जिवंत वस्तू समजून सांभाळा

मशीन म्हणजे नुसतं मोजणारं. खरं काम स्ट्रिपवरचं एन्झाइम करतं. ते रक्तातल्या ग्लुकोजवर काम करतं, त्यातून विजेचा बारीकसा प्रवाह तयार होतो आणि मशीन तो मोजून आकडा दाखवतं. एन्झाइम म्हणजे प्रथिन. ऊन, ओल आणि जुनेपणा या तिन्हींनी ते मरतं. म्हणून "मशीन बिघडलं" म्हणणाऱ्यांना मी मशीन बाजूला ठेवून स्ट्रिपची डबी मागते.

डबी हातात घेऊन चार गोष्टी बघा. झाकण घट्ट लागतं का. मुदत संपली आहे का. उघडल्याची तारीख लिहिली आहे का. आणि ही स्ट्रिप याच मशीनची आहे का.

तिसरा प्रश्न जवळजवळ कुणालाच माहीत नसतो. डबीवर छापलेली मुदत न उघडलेल्या डबीची असते. एकदा झाकण उघडलं की बऱ्याच कंपन्यांच्या स्ट्रिप्स तीन महिने, काहींच्या सहा महिने चालतात. नेमकं किती, ते आतल्या कागदावर लिहिलेलं असतं. आठवड्यातून एकदाच तपासणाऱ्या माणसाने ५० स्ट्रिप्सची डबी स्वस्त पडते म्हणून आणली, तर ती संपायला जवळपास वर्ष लागणार. अर्ध्याहून जास्त स्ट्रिप्स मेलेल्या अवस्थेत वापरल्या जाणार. अशांनी २५ ची डबी घ्यावी, दर स्ट्रिपला थोडे पैसे जास्त गेले तरी. उघडली त्या दिवशीच डबीवर पेनने तारीख लिहून टाका.

डबीच्या आतल्या भिंतीत किंवा झाकणात ओल शोषणारा पदार्थ असतो. म्हणून स्ट्रिप काढली की डबी तत्क्षणी बंद. आधी झाकण उघडं टाकून, मग हात धुऊन, मग चष्मा शोधून, मग स्ट्रिप काढायची, असं केलं तर जुलै-ऑगस्टच्या पावसात ती डबी लवकर निकामी होते. ओल्या हाताने डबीत बोट घालू नका. स्ट्रिप्स गोळ्यांच्या डबीत, कागदाच्या पुडीत, पाकिटात ठेवू नका. प्रवासाला जाताना "चारच नेते" म्हणून चार स्ट्रिप्स रुमालात बांधून नेणाऱ्या मावशींना मी हेच सांगते की पूर्ण डबी न्या.

आता ऊन. बहुतेक स्ट्रिप्स ३० अंश सेल्सिअसपर्यंत ठेवायच्या असतात, काही ४० पर्यंत चालतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळीसच्या पुढे जातो. बंद गाडीत आणि स्कूटीच्या डिकीत तर बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त तापतं. मेडिकलमधून डबी घेतली, डिकीत टाकली, मग राजवाड्यावर खरेदीला गेलात आणि दुपारी घरी आलात, तर तेवढ्यात डबीचं नुकसान होऊन गेलं. घरात खिडकीच्या कट्ट्यावर, गॅसच्या ओट्यावर, टीव्हीच्या वर ठेवू नका. मग फ्रीजमध्ये? तिथेही नको. फ्रीजमधून काढलेल्या गार डबीत बाहेरच्या हवेची वाफ जमते आणि ओल लागते. आतल्या खोलीतलं, भिंतीला ऊन न लागणारं कपाट ही सगळ्यांत चांगली जागा. मशीनलाही थंडी-ऊन बाधतं. साधारण दहा ते चाळीस अंशांच्या बाहेर गेलं की पुष्कळ मशीनं आकडाच देत नाहीत, तापमानाचं चिन्ह दाखवतात. पहाटे गार पडलेलं मशीन थोडा वेळ खोलीतल्या उबेत ठेवा, हीटरसमोर धरू नका.

खरेदीचं म्हणाल तर दवा बाजारात डबी स्वस्त मिळते हे खरं. घ्या, पण तिथेच उभं राहून मुदत वाचा आणि सील पाहा. मुदत संपायला दोनच महिने उरलेला माल सवलतीत मिळतो, त्यात ५० स्ट्रिप्स संपवता येतील का याचा हिशेब तिथेच करा. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलच्या स्ट्रिप्स दिसायला सारख्या असतात, पण अदलाबदल चालत नाही. जुन्या धाटणीच्या मशीनमध्ये प्रत्येक डबीबरोबर कोड बदलावा लागतो, किंवा डबीतली छोटी चिप लावावी लागते. नवी डबी सुरू केल्यापासून आकडे बदललेत असं वाटलं तर डबीवरचा कोड आणि स्क्रीनवरचा कोड जुळवून बघा.

मशीनची परीक्षा घ्यायची सोपी रीत

याला कंट्रोल सोल्यूशन म्हणतात. ठरलेलं ग्लुकोज असलेलं द्रावण छोट्या बाटलीत मिळतं, रक्ताऐवजी त्याचा थेंब स्ट्रिपला लावायचा. डबीवर दोन आकडे छापलेले असतात, उदाहरणार्थ ९६ ते १३०. आकडा त्यात आला तर मशीन आणि स्ट्रिप दोन्ही ठीक आहेत, चूक बोटात किंवा वेळेत शोधा. बाहेर आला तर नव्या डबीतली स्ट्रिप घेऊन पुन्हा करा. तिथे जुळलं म्हणजे जुनी डबी खराब. तिथेही नाही जुळलं तर मशीनवर शंका घ्या.

हे द्रावण मशीनच्याच कंपनीचं हवं. मेडिकलवाले बऱ्याचदा ठेवत नाहीत, मागवून घ्यावं लागतं, पण तेवढा खटाटोप करा. बाटली उघडल्यावर तीही साधारण तीन महिनेच चालते. साखरेचं पाणी घरी करून बघायला जाऊ नका. स्ट्रिप ग्लुकोज मोजते, आपली रोजची साखर मोजत नाही.

लॅब एक सांगते, मशीन दुसरं

आता माझ्याच कामाच्या बाजूचं सांगते. या तक्रारीत निम्म्या वेळा दोन्ही आकडे बरोबर असतात, फक्त ते एकाच क्षणाचे नसतात.

घरी सहाला तपासलं, १५५ आलं. मग आंघोळ, पूजा, रिक्षा, लॅबमधली रांग, आणि साडेनऊला शिरेतून रक्त. या साडेतीन तासांत शरीर बसून राहिलेलं नाही. चालणं झालं, धावपळ झाली, काहींचा "अर्धाच कप, बिनसाखरेचा" चहाही झाला, त्यातलं दूधही मोजलं जातं. दोन आकड्यांची तुलना करायची तर दोन्ही रक्तं पाच-दहा मिनिटांच्या आत घेतलेली हवीत.

दुसरं, जेवणानंतरची तुलना करूच नका. बोटातलं रक्त केशवाहिन्यांमधलं असतं, लॅब घेते ते शिरेतलं. उपाशीपोटी दोन्हींत फारसा फरक नसतो. जेवल्यावर मात्र बोटातलं रक्त नुकतंच ग्लुकोज घेऊन आलेलं असतं आणि शिरेतलं पेशींना ते देऊन परत निघालेलं. तेव्हा बोटाचा आकडा वीस-तीस अंकांनी किंवा त्याहूनही जास्त असू शकतो, आणि तो चुकीचा नसतो.

तिसरी गोष्ट आमच्या व्यवसायातली आहे, ती लोकांना कुणी सांगत नाही. नळीत काढलेल्या रक्तातल्या पेशी जिवंत असतात आणि त्या ग्लुकोज खात राहतात. साध्या नळीत, पेशी वेगळ्या न करता ठेवलेल्या रक्ताची शुगर तासाला साधारण पाच ते सात टक्क्यांनी घटते. उन्हाळ्यात आणखी वेगाने. म्हणून शुगरसाठी राखाडी टोपीची नळी वापरतात, तिच्यात फ्लोराइड असतं, ते ही घट थांबवतं. पण तेही पूर्ण काम करायला तास-दोन तास घेतं. घरी येऊन नमुना नेणाऱ्या मुलाने दहा घरं फिरून दुपारी नळी लॅबमध्ये पोचवली, तर रिपोर्टमधली शुगर खऱ्यापेक्षा कमी येऊ शकते. तेव्हा मशीनला दोष देऊन कसं चालेल? नमुना देताना विचारा, "शुगरची नळी कुठली? लॅबमध्ये किती वाजता पोचणार?" हा प्रश्न विचारणं तुमचा हक्क आहे, आणि चांगल्या लॅबला त्याचा राग येत नाही.

मशीन पडताळून बघायचं असेल तर असं करा. उपाशीपोटी लॅबमध्ये जा, मशीन आणि स्ट्रिप बरोबर न्या. हात धुवा, कोरडे करा. शिरेतून रक्त घेतलं की लगेच दुसऱ्या हाताच्या बोटावर आपलं मशीन लावा आणि आकडा कागदावर लिहा. नळीतलं रक्त स्ट्रिपला लावू नका, त्यातल्या फ्लोराइडने स्ट्रिप चुकते. रिपोर्ट आला की फरक काढा. लॅब १४८, मशीन १६३, फरक १५, म्हणजे दहा टक्के. चालतं. पंधरा टक्क्यांच्या बाहेर गेलं तर दुसऱ्या दिवशी नव्या डबीतली स्ट्रिप घेऊन पुन्हा करा. वर्षातून एकदोनदा हे केलं की मनातली शंका जाते.

तीन महिन्यांच्या सरासरीची एचबीएवनसी तपासणी आणि घरचे आकडे जुळत नाहीत, हीसुद्धा नेहमीची तक्रार. एचबीएवनसीला २८.७ ने गुणून ४६.७ वजा केले की सरासरी शुगरचा अंदाज मिळतो. ७ म्हणजे साधारण १५४, ८ म्हणजे १८३. वहीत सगळे आकडे १२० च्या आसपास आणि एचबीएवनसी ८ असेल, तर बहुधा तुम्ही फक्त सकाळीच तपासता आहात आणि जेवणानंतरची चढ कुणी बघितलेलीच नाही. पण रक्त कमी असेल तर हिशेब दोन्हीकडे बिघडतो. लोहाच्या कमतरतेत एचबीएवनसी खोटी जास्त येऊ शकते. सिकलसेल किंवा रक्तपेशी लवकर फुटणाऱ्या आजारात ती खोटी कमी येते, आणि आपल्या मध्य प्रदेशात सिकलसेलचे रुग्ण थोडेथोडके नाहीत. शिवाय हिमोग्लोबिन फार कमी असेल तर पुष्कळ ग्लुकोमीटर शुगर खऱ्यापेक्षा जास्त दाखवतात, आणि रक्त घट्ट झालं असेल तर कमी. आकडे समजुतीपलीकडे गेले असतील तर हिमोग्लोबिन तपासून घ्या.

पोटाच्या डायलिसिसवर असलेल्यांनी हे जरूर वाचा. त्या द्रावणात आयकोडेक्स्ट्रिन असेल, तर काही प्रकारच्या स्ट्रिप्स त्याला ग्लुकोज समजून आकडा खूप वाढवून दाखवतात. त्यावर इन्सुलिन घेतलं तर जिवावर बेतू शकतं. कुठल्या स्ट्रिप्स चालतील हे डायलिसिसच्या डॉक्टरांनाच विचारा. जास्त मात्रेतलं व्हिटॅमिन सी, विशेषतः शिरेतून दिलेलं, त्यानेही काही मशीनं फसतात.

आकडा बरोबर, पण पटत नाही

"रात्री झोपताना १३०, काही खाल्लं नाही, सकाळी १६५. हे कसं शक्य आहे?" शक्य आहे. पहाटे साधारण तीन ते आठच्या दरम्यान शरीर उठायची तयारी करताना कॉर्टिसोल, ग्रोथ हार्मोन अशी संप्रेरकं सोडतं आणि यकृत साठवलेलं ग्लुकोज रक्तात ढकलतं. मधुमेहात ते आवरायला इन्सुलिन पुरत नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांनी अशा वेळी दोन-तीन रात्री पहाटे तीनला गजर लावून तपासावं. तीनला शुगर कमी निघाली तर प्रश्न वेगळा, जास्त निघाली तर वेगळा, आणि दोन्हींवरचे उपाय उलटे आहेत. म्हणून सकाळचा आकडा बघून रात्रीचं इन्सुलिन स्वतःच्या मनाने वाढवू नका.

रात्री सराफ्यात गराडू किंवा भुट्ट्याचा किस खाऊन आलात तर तळणातलं तूप-तेल पचन लांबवतं. दोन तासांनी आकडा छान दिसतो आणि चढ नंतर, कधी कधी थेट सकाळी दिसते. गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर पुढचे काही दिवस शुगर चढते. ताप, लघवीचा संसर्ग, दाढेचा गळू, रात्रभराचं जागरण, यांनीही चढते.

जेवणानंतरचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे. आपल्याकडे नाश्त्याची गंमत अशी की तो संपतच नाही. आठला पोहे, वर शेव, बरोबर जिलबीचा एक वेढा, साडेआठला चहा, सव्वानऊला शेजारच्या वहिनी आल्या म्हणून पुन्हा चहा आणि दोन बिस्किटं. मग दहाला तपासलेला आकडा कशाचा? पोह्यांचा की बिस्किटांचा? तपासायचं त्या दिवशी पहिल्या घासानंतर दोन तास तोंडात काही टाकू नका, आणि वहीत आकड्याशेजारी काय खाल्लं ते दोन शब्दांत लिहा. रोज उपाशीपोटीचाच आकडा लिहिण्यापेक्षा एक दिवस नाश्त्याआधी आणि दोन तासांनी, दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाआधी आणि नंतर, मग रात्रीचं, असं फिरतं ठेवलं तर तितक्याच स्ट्रिप्समध्ये डॉक्टरांना कितीतरी जास्त कळतं. सर्वसाधारणपणे जेवणाआधी ८० ते १३० आणि नंतर १८० च्या खाली हे लक्ष्य धरतात, पण वय, मूत्रपिंड आणि हृदय बघून तुमचं लक्ष्य डॉक्टर वेगळं ठरवू शकतात.

मशीनची सेल बदलल्यावर तारीख-वेळ पुन्हा लावली का तेही पाहा. ती चुकली की मशीनमधल्या आठवड्याच्या सरासरीला अर्थ उरत नाही.

स्क्रीनवर हाय, लो किंवा एरर

एररचे क्रमांक कंपनीगणिक वेगळे असतात, पुस्तिका बघावी लागते. बहुतेक वेळा रक्त कमी पडलेलं असतं, वापरलेली किंवा ओली स्ट्रिप घातलेली असते, किंवा सेल संपत आलेली असते.

हाय आणि लो हे मात्र बिघाड नाहीत. हाय म्हणजे बहुतेक मशीनांत ६०० च्या वर. हात धुऊन एकदा पुन्हा तपासा, आणि तरीही हायच आलं तर तसंच डॉक्टरांना फोन करा. उलट्या, जोरजोरात श्वास, ग्लानी असेल तर फोनवर वेळ न घालवता रुग्णालयात न्या.

लो म्हणजे साधारण २० च्या खाली, पण तिथपर्यंत वाट बघायचीच नाही. ७० च्या खाली गेलं की उपाय करायचा. घाम, थरथर, छातीत धडधड, अचानक बडबड किंवा चिडचिड दिसली आणि मशीन ९० दाखवतंय, तरी आधी गोड द्या, मशीनशी वाद नंतर. तीन चमचे साखर किंवा १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असलेली गोळी चालू असेल तर साखर लवकर लागू पडत नाही, कारण ती गोळी साखरेचं पचनच अडवते. अशा घरात ग्लुकोज पावडरच हाताशी हवी. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, श्वासनलिकेत जाईल. सरळ १०८ लावा.

इतकं सगळं तपासून, नव्या डबीवर आणि कंट्रोल सोल्यूशनवरही आकडा जुळत नसेल, तर मात्र मशीन बदलायची वेळ आली. फेकण्याआधी पुस्तिकेवरच्या मदत क्रमांकावर फोन करा. मशीनचा क्रमांक, स्ट्रिपच्या डबीवरचा लॉट क्रमांक, कंट्रोलचा आलेला आकडा आणि लॅबशी केलेल्या तुलनेचा कागद समोर ठेवून बोला. मशीन वॉरंटीत असेल तर बदलून मिळण्याची शक्यता चांगली असते, आणि डबी खराब निघाली असेल तर डबीही. नवीन मशीन आलं की पहिल्याच आठवड्यात तेही एकदा लॅबमध्ये बरोबर घेऊन या.